हेन्री गार्डाची शिट्टी

मेरीने डब्याचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात तीन माणसं तिच्या नवऱ्यासमोर, हेन्रीसमोर येऊन उभी राहिली. तिला वाटलं, खिम्याचा वास गेला वाटतं मैदानभर. पण त्यांच्यातल्या एकानेही डब्याकडे पाहिलं नाही.

"हेन्री, ऊठ," गेणबा म्हणाला. "रेफ्री आला न्हाई. पुण्यातनं निघालाय, पन यवतजवळ रस्ता तुंबलाय. त्याची वाट बघत बसलो तर हितं अंधार पडंल."

"मग मी काय करू?"

"काय करू म्हंजी? शिट्टी वाजव!"

गेणबा रेल्वेतला जुना फिटर, आता मैदानाच्या कमिटीचा सर्वेसर्वा. त्याच्या एका बाजूला दौंडच्या कॉलेजचे सर होते, दुसऱ्या बाजूला शिरूरच्या कॉलेजचे महेंद्र सर. जिल्ह्याची फायनल या दोन कॉलेजांमध्ये होती आणि दोन्ही सर खुशीत दिसत होते. दौंडकरांना वाटत होतं, हेन्री आपल्या गावचा. महेंद्र सरांना वाटत होतं, हेन्री आपल्या फॉरवर्डचा बाप. त्या फॉरवर्डला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"आमची काय हरकत न्हाई," महेंद्र सर म्हणाले. "नोएलचे पप्पा म्हंजी घरचेच की."

"घरचे म्हणूनच म्हणतीय मी," मेरी म्हणाली. "नोएलला विचारा आधी."

हेन्रीने मैदानाकडे पाहिलं. शिरूरची पोरं पलीकडच्या गोलपाशी बुटाच्या नाड्या बांधत बसली होती. नोएलने मान वर करून या घोळक्याकडे एकदा बघितलं, काय चाललंय ते त्याला कळलं असावं, कारण त्याने नाडी इतकी जोरात ओढली की ती तुटायचीच बाकी राहिली. मग तो उठून पळत सुटला, विचारायला कुणी येण्याआधीच.

हेन्रीने खिशात हात घातला. शिट्टी होतीच. सकाळी घरातून निघताना मेरीने टोकलंही होतं. म्हणाली होती, मॅच बघायला चाललोय ना, मग ही कशाला? तो म्हणाला होता, असू दे, सवय. रेल्वेचा गार्ड म्हणून त्याने सारी नोकरी दौंडच्या जंक्शनवर काढली. त्याने शिट्टी वाजवल्याशिवाय गाडी हलली नाही, आणि वेळ झाली की त्याने कुणासाठी गाडी थांबवलीही नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मेरी फलाटावर पाण्याची बाटली भरायला उतरली, तर हा बाबा तिला तिथेच सोडून गाडी घेऊन गेला. ती गोष्ट दौंडात अजून सांगतात आणि सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. मेरीच्या आवाजात नसतो.

नोएलचंही तसंच झालं होतं. तो बारावीत असताना रेल्वेच्या पोरांच्या टीमची निवड झाली, निवड करणाऱ्यांत हेन्री होता. नोएल त्या पोरांमध्ये उठून दिसत होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. हेन्रीने त्याचं नाव वगळलं. घरी आल्यावर म्हणाला, माझा पोरगा म्हणून घेतला असं लोक म्हणाले असते. बारावीचा निकाल लागल्यावर नोएल बॅग भरून शिरूरला गेला, फेथमावशीकडे राहिला, तिथल्याच कॉलेजात नाव घातलं. नाताळला यायचा. पप्पा, मीठ द्या. पप्पा, निघतो. यापलीकडे बापलेकांत शब्द उरले नव्हते. आणि शिरूरच्या त्या कॉलेजात, जिथे फुटबॉल म्हणजे कबड्डीचं मैदान ओलं असलं की खेळायचा खेळ, तिथे याने न्हावऱ्याची, निमोण्याची, आसपासच्या खेड्यांतली पोरं गोळा केली. सकाळी डेअरीला दूध घालून गाडीवर दोघं-तिघं बसून यायची आणि घोडनदीच्या अलीकडे माळावर खेळायची. यंदा ती पोरं एकही मॅच हरली नव्हती. फेथचा फोन आला की मेरी मोठ्याने बोलायची आणि हेन्री टीव्हीचा आवाज हळूच कमी करायचा.

आज तो मुद्दाम कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीला बसला होता. पोराने आपल्याला बघू नये आणि आपण पोराला डोळे भरून बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"तुम्ही न्हाई म्हणा," मेरी हळू आवाजात म्हणाली. "एकदा तरी नुसतं बसा."

"मॅच व्हायची न्हाई मग."

"न होऊ द्या."

पण हेन्री तोपर्यंत उभा राहिला होता. शिट्टी शर्टाच्या टोकाला पुसून त्याने दोरी गळ्यात घातली.

दोन्ही कप्तान मधोमध आले. दौंडचा कप्तान आयुष, अंगाने दांडगा, बचावाला खेळणारा, हेन्रीच्या चाळीतलाच. त्याने वाकून हेन्रीच्या पायांना हात लावला. शिरूरचा कप्तान नोएल. त्याने हात पुढे केला, सरळ, परक्या माणसापुढे करतात तसा.

"अंकल," आयुष हसत म्हणाला, "आज घरचं-बिरचं काय न्हाई ना?"

"मैदानात मला घर न्हाई," हेन्री म्हणाला. नोएलने हात सोडवून घेतला.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या थोड्या वेळातच सगळ्यांना कळलं की हेन्रीचं हे बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. नोएलचा खांदा कुणाला लागला की शिट्टी. नोएलचा पाय उंच गेला की शिट्टी. एकदा थ्रो कुणाचा यावरून नोएलने नुसते दोन्ही हात पसरले, तर हेन्रीने गेणबाने दिलेलं पिवळं कार्ड खिशातून काढून त्याच्या नाकासमोर धरलं. भिंतीवर बसलेली दौंडची पोरं टाळ्या वाजवायला लागली. महेंद्र सरांचा घरचेपणा हळूहळू उतरत चालला होता. ते बाकावरून उठायचे, काही बोलायला तोंड उघडायचे आणि परत बसायचे.

पहिल्या हाफमध्ये कॉर्नरवरून आलेला बॉल आयुषने डोक्याने आत घातला. सगळं दौंड उसळलं. तेवढ्यात स्टेशनात शिरणाऱ्या इंजिनानेही लांब भोंगा दिला, जणू त्यालाही कळवलं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये न्हावऱ्याच्या दत्ताने बरोबरी केली. पास नोएलचा होता. चार पोरांच्या मधून त्याने तो असा अलगद सरकवला की हेन्री क्षणभर पळायचा थांबला. आपण रेफ्री आहोत हेच तो विसरला. त्याला फार वाटलं की आत्ता मेरीशेजारी बसलेलं असावं. तिच्या हातावर हात मारून, बघितलंस का, असं म्हणावं. मग त्याने हात वर करून मधल्या वर्तुळाकडे दाखवलं. गोल.

त्यानंतर खेळ नुसता ताणला गेला. कुणी ओरडेनासं झालं. बॉलला बूट लागल्याचा आवाज आणि पोरांचे धापा टाकणारे श्वास तेवढे ऐकू येत. मेरीच्या हातात डब्याचं झाकण तसंच होतं, डबा मांडीवर उघडा. खिमा गार होऊन गेला होता.

शेवटची पाच मिनिटं राहिली. दत्ताने मधूनच लांब बॉल मारला आणि नोएल सुटला. आयुष त्याच्या मागे. नोएल पेनल्टीच्या चौकोनात शिरला, समोर फक्त गोलकीपर. त्याने उजवा पाय मागे घेतला, आणि मागून आयुषने स्वतःला झोकून दिलं.

हेन्रीने पाहिलं. वयाच्या मानाने तो चांगला जवळ पोचला होता आणि मध्ये कुणी नव्हतं. आयुषचा बूट बॉलच्या जवळपासही नव्हता. तो नोएलच्या पोटरीवर उतरला, खिळ्यांसकट. नोएल तोंडावर आपटला. हेन्रीच्या हाताने शिट्टी उचलून ओठांत धरली, श्वास छातीत भरला.

आणि तो श्वास तिथेच राहिला.

त्याला पोटरी दिसली होती, पण आता तिच्या जागी दौंड दिसत होतं. भिंतीवरची पोरं, गेणबा, चहाच्या टपरीवर उद्या होणारं बोलणं. शेवटी बापच निघाला, असं कोण कोण म्हणेल ते चेहरे. तेवढ्या वेळात बॉल घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला होता. त्याने तो उचलून लांब मारला आणि खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

हेन्रीने शिट्टी ओठांतून काढली आणि बॉलच्या मागे पळाला.

"अहो रेफ्री!" महेंद्र सर रेषेवर येऊन ओरडत होते. "डोळं हायेत का न्हाईत?"

शिरूरची पोरं त्याच्याभोवती जमली. दत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फक्त नोएल आला नाही. तो उठला, मोजा वर ओढला, लंगडत आपल्या जागेवर गेला. त्याने बापाकडे पाहिलंही नाही.

वेळ संपली आणि टायब्रेकर लागला. एकेक पोरगा बॉल ठेवायचा, हेन्री शिट्टी वाजवायचा. दौंडच्या एकाचा फटका गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला. शेवटचा फटका शिरूरचा होता. आत गेला तर कप शिरूरचा. नोएल लंगडत पुढे आला, बॉल ठेवला आणि मागे सरून उभा राहिला.

आता त्याला बापाकडे बघणं भागच होतं. शिट्टी झाल्याशिवाय मारता येत नाही. तो बघत राहिला, डोळे न हलवता. हेन्रीला वाटलं, आपल्याला फुंकता येणार नाही. शेवटी शिट्टी वाजली, पण फुसकी, एखाद्या लहान पोराने वाजवावी तशी.

नोएलने बॉल कोपऱ्यात घातला.

शिरूरच्या पोरांनी जो धिंगाणा घातला तो सांगायला नको. महेंद्र सरांनी रेफ्रीलाही माफ करून टाकलं. दौंडची माणसं गप्पगार होती, पण मैदानातून जाताना हेन्रीच्या पाठीवर थाप मारायला विसरत नव्हती. गेणबाने तर त्याला कवेतच घेतलं.

"हरलो तर हरलो! पन पोटच्या पोराला पेनल्टी दिली न्हाई. असा मानूस दावा मला दुसरा!"

शेवटी आयुष आला. मान खाली घालून म्हणाला, "अंकल, तुम्हाला दिसलं न्हाई म्हणून वाचलो." आणि हेन्रीने काही म्हणायच्या आत निघून गेला.

शिरूरच्या पोरांच्या गाडीजवळ नोएल दगडावर बसला होता. मेरीने त्याचा मोजा खाली सरकवला, तो रक्ताने पोटरीला चिकटला होता. तिने बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. खिळ्यांचे ठसे उमटले होते, एकाखाली एक.

"कवा लागलं रे हे?"

नोएल दुसऱ्या बुटाची नाडी सोडत राहिला.

"शेवटच्या पाच मिनिटांत," मागे उभा असलेला हेन्री म्हणाला.

मेरीने वळून बघितलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"दिसलं व्हतं."

पाणी ओतायचं राहिलं. नोएलने पहिल्यांदा मान वर केली.

"सगळं दिसलं व्हतं मला," हेन्री म्हणाला.

"ठाऊक हाय," नोएल म्हणाला. "शिट्टी तोंडात गेली व्हती तुमची. पडल्या पडल्या मी तिकडंच बघत व्हतो."

"दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर?" मेरीने विचारलं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, पोटरीकडे बघत होती.

गाडीत पोरं पत्रा बडवत होती.

"वाजवली असती," तो म्हणाला.

नोएलने मोजा वर ओढला. राग आला की लहानपणी तो खालचा ओठ चावायचा, तसा त्याने चावला, मग सोडला. आईच्या शेजारचा डबा घेतला. गार झालेल्या खिम्यात बोट बुडवून चाखलं आणि झाकण लावलं. महेंद्र सरांनी हाक मारली तसा तो उठून लंगडत निघाला. हेन्रीने आधार द्यायला हात पुढे केला. नोएलने तो धरला नाही, झिडकारलाही नाही.

पायरीवर चढून तो थांबला. पाठ तशीच होती.

"गुरुवारी पुण्याला हाय पुढची, विभागाची," तो म्हणाला. "मम्मीला घेऊन या."

"येतो."

"शिट्टी घरी ठिवून या, पप्पा."

गाडी सुटली. पाटसच्या रस्त्याला लागेपर्यंत पोरांचा गलका ऐकू येत होता. हेन्रीने गळ्यातली दोरी काढली. ती कॉलरच्या बटणात अडकली होती, सोडवायला त्याला वेळ लागला. मेरीने मदत केली नाही. तिने फक्त डब्याच्या पिशवीचं तोंड उघडून धरलं.