एगबर्टचा फुगलेला खर्ज

लाइपझिगच्या चर्चमध्ये चौघे गायक एका मायक्रोफोनभोवती उभे राहून गात होते. चार दिशांचा आवाज टिपायला त्यात चार कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणाऱ्या चकत्या, होत्या. म्हाताऱ्या एगबर्टचा आवाज मात्र मध्येच जड होई. मायक्रोफोनच्या फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. रेकॉर्डिंग करणाऱ्या गुद्रूनला वाटलं, हा भाव खायला मुद्दाम पुढे सरकतोय.

"एगबर्ट, सरकताय ना?"

"अगं, पाय बघ! खडूच्या रेघेवरच आहेत."

पाय होते तिथेच. मग ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. समोर उभ्या गायिकेचा सूर लागला की एगबर्ट मान पुढे काढी, कान टवकारून. त्याला तिचं नीट ऐकूच येत नव्हतं.

गुद्रूनने त्याच्या बाजूला जवळ गेलं तरी खर्ज न फुगवणारी कॅप्सूल बसवली.

"काय बिघडलं होतं?" त्याने दबकत विचारलं.

"मायक्रोफोन," ती म्हणाली.