साखर मागच्या भिंतीला

किराणा दुकानाच्या दारातला फळा तिच्या हातचा. खडू असा फिरायचा, जणू दोऱ्यात मणी ओवले जातायत. म्हणून भाव लिहायचं काम साहेबांनी तिलाच दिलेलं. साखर तोट्यात विकायची, भाव दारात मिरवायचा आणि साखर ठेवायची पार मागच्या भिंतीला. मधली सगळी वाट साबणांची, बिस्किटांची, रंगीत डब्यांची. आवळा देऊन कोहळा काढायची वाट. ती मुकाट लिहायची. पोट कुणाला चुकलंय?

त्या संध्याकाळी नवरा घरी आला तो गड जिंकल्यासारखा, दोन्ही हातांत पिशव्या.

"पोरीचा चष्मा आणलात?"

लेक पुस्तकाला नाक टेकवून वाचत होती.

"अगं, वाटेत तुमच्या दुकानात शिरलो. साखर केवढी स्वस्त! घरटी दोनच पुडे देत होते, मी दोन्ही आणले!"

"आपल्याला महिन्याला एक लागतो."

"म्हणून सोडायचा होय?"

तिने पिशव्या उपड्या केल्या. तीन साबणांवर एक फुकट. झाकणाचे सहा डबे. बिस्किटं, सरबताची बाटली. चष्म्याचे पैसे पार उडाले होते.

"डोळे काय घरी ठेवून गेला होतात?"

तो खाली बघत म्हणाला, "फळ्यावर तुझं अक्षर दिसलं. म्हटलं, आपलंच माणूस सांगतंय."

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने सगळं पुन्हा पिशव्यांत भरलं.

सकाळी साबण, डबे, सगळं तिने साहेबांपुढे ठेवलं.

"विकलेला माल परत नाही, बाई. आम्ही कुणाचा हात धरला होता का?"

"हात नाही धरला. वाट धरलीत."

"धंदा आहे हा. चला, आज तेल लिहा."

तिने लिहिलं. 'तेल अर्ध्या भावात. मागच्या भिंतीला आहे. नाकासमोर जा, नाकासमोर या. मधे आमच्या लेकीचा चष्मा गेला.'

दारातल्या बायका थबकल्या. एकीने दुसरीला मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब ओला फडका घेऊन धावले.

"पुसा खुशाल," ती म्हणाली, "मी दारात उभी राहून तोंडाने सांगते. माझा माल परत घ्या, मग जाते."

बायका हलेनात. साहेबांनी दात-ओठ खात गल्ल्यातून पैसे काढले. "उद्यापासून येऊ नका!"

"येतंय कोण!"

चष्मेवाल्याचं दुकान उघडायला अवकाश होता. ती पायरीवर बसली, पैशांची मूठ घट्ट आवळून.