रिकामा पाठवलेला

मी बोलतोय, झरीच्या पाड्यावर कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. सध्या माझ्या डोक्यावर मिरच्या वाळत घातल्या आहेत. त्याबद्दल तक्रार नाही, निदान काही उपयोग तरी होतोय.

२०१४ च्या दिवाळीत विनोदशेठनी मला त्यांच्या कोसबाडच्या चिकूवाडीवर आणलं. त्यांच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि वर क्रोशाचं झाकण घातलं. शेठ माझ्यावर पत्ते खेळत. मुलगी मयूरी कॉलेजचा अभ्यास करी. त्या अभ्यासासाठीच तिनं एकदा जानीला माझ्यासमोर आणून बसवलं.

जानी वाडीवर चिकू उतरवायची. पण आपल्या पाड्यावर ती धवलेरी होती, लग्नं लावणारी. तिनं गायल्याशिवाय तिथं कुणाचं लग्न पुरं होत नसे. मयूरीनं खूप विनवलं, तरी जानी तोंड उघडेना. "मांडव नाय, तं गाणा कसा बोलू?" म्हणाली. मयूरीनं हसत हसत चिकूच्या चार डहाळ्या माझ्या चार बाजूंना उभ्या केल्या, तेव्हा कुठे ती गायली. तीन दुपारी गायली. त्या घरात मी आरडाओरडाच जास्त ऐकला होता. जानीचा आवाज मी जिवापाड जपला, हे मला सांगितलंच पाहिजे.

२०१७ मध्ये जानी तापानं गेली. मयूरी नोकरीसाठी पुण्याला गेली होती. जानीची मुलगी हिरू आईच्या जागी कामाला येऊ लागली. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. ओटीखाली उभी राहून तिनं मागणं केलं, "बाय, लगीन बायजी लावील. पन हळदीला मना आयचा आवाज पायजे."

"देऊ गं, त्यात काय!" निर्मलाबाई म्हणाल्या. मग द्यायचं राहूनच गेलं.

त्या हिवाळ्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. एका धक्क्याला सगळे अंगणात पळाले आणि मी टेबलाच्या कडेला अर्धा लटकत राहिलो. पडलो नाही, याचंच शेठना वाईट वाटलं असावं. मार्चमध्ये नवा कॉम्प्युटर आला, चपटा आणि चकचकीत. दुकानातल्या प्रितेशनं माझ्यातलं एकेक काढून त्याच्यात भरायला घेतलं. सहलींचे फोटो गेले, सिनेमे गेले, शेठचे पत्तेसुद्धा गेले.

"काका, ही जानीची गाणी?"

"हॅ! कामवाल्यांचं रडगाणं नव्या मशीनवर कशाला?"

नव्याच्या पोटात माझ्या दसपट जागा होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला फक्त गुरगुरता येतं.

"हिरूला हे डबडंच देऊन टाकू," निर्मलाबाई म्हणाल्या. "तिची आई आतच आहे की."

मला वाटलं, चला, बाई मनानं चांगली आहे. तेवढ्यात शेठ म्हणाले, "देताना सगळं साफ करून दे रे. आपले फोटोबिटो आहेत."

"मग गाणीपण जातील, काकी."

निर्मलाबाईंनी माझ्यावरचं क्रोशाचं झाकण काढून त्याची घडी घातली. "जाऊ देत. तिला कुठे चालवता येणार आहे?"

प्रितेशनं मला पुसलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

कुणाकडेही काही रिकामं पाठवायचं नाही, अशी निर्मलाबाईंच्या घरची रीत. म्हणून मला देताना त्यांनी वर साखरेनं भरलेला स्टीलचा डबा ठेवला. हिरूनं आईच्या लुगड्यात गुंडाळून मला टेम्पोतून मांडीवर आणलं. सबंध वाट तिचा हात माझ्यावर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळदीच्या दिवशी तिनं मला मांडवात पाटावर मांडलं. सगळा पाडा गोळा झाला. निर्मलाबाईही साडी घेऊन आल्या आणि तिथल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या. हिरूचा भाऊ शुक्रा यानं वायर जोडली. हळदीनं माखलेल्या बोटानं हिरूनं बटण दाबलं, मग घाबरत आणखी एक. पडदा उजळला. आत काहीच नव्हतं.

लोक बराच वेळ थांबले. लग्न लावायला आलेली धवलेरी बायजी पुटपुटली, "काय दाबलास गं तू?"

हिरूनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग निर्मलाबाईंच्या पायाशी बसली. "बाय, माजाच हात लागला. मीच आयला पुसली."

निर्मलाबाईंनी फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे गं. तुम्हाला सवय नसते ना."

हिरू सासरी गेली, मी इथंच राहिलो. ती माहेरी येते तेव्हा लांबूनच माझ्याकडे बघते. नवऱ्यानं घेतलेल्या मोबाइललाही ती हात लावत नाही. वाजला की नवऱ्याला हाक मारते. वाचणाऱ्यांनो, मला भंगारात घाला, फोडा, काहीही करा. पण त्या पोरीला कुणीतरी सांगा की तिचं बोट लागायच्या आधीच मी रिकामा होतो.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं शुक्राच्या हाती साखरेचा डबा वाडीवर परत पाठवला. रिकामा नाही, तांदूळ भरून.