मांडीवरची जागा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि लपवून काय करू, मला लॅपटॉपचा हेवा वाटतो.

मी आलो तेव्हा घरात कोण कौतुक! आईनं माझ्यासाठी झालरीचं आच्छादन शिवलं होतं. ती कामाला बसली की तिची लेक चिमी तिच्या मांडीवर असायची आणि माझ्या बटणांवर बोटं आपटायची. मग लॅपटॉप आला. सडपातळ, गुळगुळीत. तो थेट आईच्या मांडीवरच जाऊन बसला. मी कोपऱ्यात धूळ खात राहिलो.

परवा चिमीचं शाळेत गाणं होतं आणि सकाळी उठली तर घसा बसलेला. वरचा सूर काही केल्या लागेना. रडवेली झाली पोर.

"थांब, गाण्याच्या साथीची धूनच एक पट्टी खाली आणते," म्हणत आईनं लॅपटॉप उघडला. नेमकं इंटरनेट गेलेलं. संगीताच्या प्रोग्रॅमचं चक्र नुसतं फिरत राहिलं. तिनं बंद करून पुन्हा सुरू केलं, तेच. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

नाइलाजानं तिनं मला चालू केलं. तीच धून, तोच प्रोग्रॅम माझ्याकडेही होता. आता दाखवतोच, म्हटलं, तर माझंही चक्र गरगरायला लागलं. माझं तोंड एवढंसं झालं.

आईनं चिमीच्या काकांना फोन लावला. "भावजी, दोन्ही अडकलेत. आम्हाला निघायचंय हो."

"वहिनी, राउटरचे दिवे कसे आहेत?"

"एक हिरवा, एक लाल."

"म्हणजे घरापुरतं जोडलेलं आहे, पुढे काही नाही. प्रोग्रॅम उघडताना बाहेर इंटरनेटवर परवानगी विचारतो आणि उत्तरासाठी ताटकळत बसतो. त्याची आशाच तोडा. जुन्याची मागची इंटरनेटची वायर काढा."

वायर निघाली. मी जरा घुटमळलो आणि प्रोग्रॅम उघडला.

"लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलंत तर तोही उघडेल," काका म्हणाले. झालं, म्हटलं, पुन्हा आपला कोपरा.

पण तोवर चिमी आईच्या मांडीवर चढून बसली होती. आईनं लॅपटॉपकडे पाहिलं, मग चिमीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "राहू दे. इथंच करते."

धून खाली आली. चिमीनं हळूच सूर लावला. लागला.

धून पेन ड्राइव्हमध्ये घेऊन दोघी निघाल्या. लॅपटॉप अजूनही लाडका आहे आणि माझा हेवाही गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण मी टेबलावर बसतो, म्हणून मांडी रिकामी राहते. तेव्हा मित्रांनो, अधूनमधून माझी धूळ पुसा, मला चालू करा. आणि आई माझ्यासमोर बसली, की विचारत बसू नका. चढा.