हवेचा गाडा

"मामा, होतास कुठे इतके दिवस? आम्ही दोघं इथे गुदमरून मरतोय."

हेडफोनमधून पुरुषाचा आवाज आला आणि ती खुर्चीत ताठ झाली. नवरा जाऊन महिना होत आला होता. उद्या नणंद त्याचा कंप्युटर घेऊन जाणार होती, म्हणून तो नीट चालतोय ना, एवढंच बघायला ती दुपारची बसली होती. हेडफोन वायरीत गुंतले होते, ते सोडवताना कानाला लावले. पडद्यावर कसलंसं बोलावणं किणकिणलं, तिने 'हो' दाबलं, आणि त्याच्या त्या खाणीच्या खेळात जाऊन पडली. समोर पिवळ्या हेल्मेटचा माणूस उभा होता. डोक्यावर नवऱ्याचं इथलं नाव लिहिलं होतं, मामा.

सांगून टाकावं, असं मनात आलं. पण महिनाभर हे असंच चाललं होतं. सांगायला जायची आणि दुसऱ्याच कामाला लागायची. रडून मोकळी हो, असं जो तो म्हणाला. तेही जमलं नाही. हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. लगेच कामावर गेली आणि चादरीमागून चादर घडी घालत राहिली.

"माईक बिघडला वाटतं पुन्हा," एक मुलगी म्हणाली. "असू दे. मामा, तू गाडा घे."

ही चिमणी, आणि तो डॉक्टर, ही खेळातली नावं. नवऱ्याने कधीतरी जेवताना सांगितलं होतं. डॉक्टर मोबाईल दुरुस्त करायचा, चिमणी कुठेतरी नर्स होती. राहायला कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

चाचपडत का होईना, तिला खेळ उमगला. प्रत्येकाच्या पाठीवर छोटी टाकी. हवा संपत आली की गाड्यापाशी यायचं, भरून घ्यायचं, पुन्हा खणायला जायचं. गाड्यातली हवा तिघांत मिळून, आणि ती बेताचीच. धावलं की भसाभस संपते. हवा वाटायचं काम मामाचं.

"आज कान शांत आहेत," डॉक्टर खणता खणता म्हणाला. "एरवी याचं तोंड बंद नसतं."

तोंड बंद नसतं? घरी त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून पाणी शेंदायचं. बस डेपोतून आला की हातपाय धुवायचा आणि या खुर्चीत बसायचा. ही सवत बरी आणलीत, असं ती म्हणायची. तो हसायचा, तेही आवाज न करता.

"मामीचा गुडघा कसाय?" चिमणीने विचारलं. "मी सांगितलेल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलास की नाही? जिना चढताना ती भिंत धरते, भिंत धरते, म्हणून माझं डोकं खाल्लं होतंस."

तिचा हात थांबला. घरी त्याने तिच्या गुडघ्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने गाडा थोडा पुढे ढकलला.

तेवढ्यात खाणीचं छत कोसळलं. डॉक्टर पलीकडे अडकला. चिमणीने ढिगारा उपसून त्याला बाहेर काढलं, पण त्यात दोघांच्याही टाक्या तळाला गेल्या.

"गाड्यात थोडीच उरलीय," चिमणी म्हणाली. "मामा, दे वाटून. तुझा हिशोब पक्का असतो."

तिने आधी डॉक्टरला दिली, मग चिमणीला. गाडा रिकामा झाला. आपल्या टाकीतलीही देता येते, हे बटण शोधताना कळलं. ते तिने दाबून धरलं. पिवळ्या हेल्मेटचा माणूस गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला.

"अरे, हे काय केलंस?" डॉक्टर म्हणाला. "वाटणाऱ्याने आधी स्वतःची ठेवायची, हे तूच शिकवलंस ना?"

"मी मामी बोलतेय," ती म्हणाली.



"ते गेले. डेपोतच. डबा उघडायला बसले आणि तसेच कलले." आपला आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. "तुम्हाला कळवायचं राहिलं."

 पडलेल्या माणसाशेजारी ते दोघे उभे होते. पडलेल्याला उचललं तर दुप्पट हवा लागते, म्हणून त्याला तिथेच ठेवून, खणलेल्याचं पोतं घेऊन वर जायचं, अशी रीत होती.

"चिमणे, पोतं टाक," डॉक्टर म्हणाला.

"सगळं?"

"सगळं. ओझं नको. आपण याला वर नेऊ."

"हवा पुरेल?" चिमणीने विचारलं.

"धावायचं नाही. आळीपाळीने उचलू. मामी, तुम्ही काही करू नका. नुसत्या बसा."

ती बसली. डेपोतून त्याला कोणी उचललं, कसं आणलं, ते तिने पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

डॉक्टरने त्याला खांद्यावर घेतलं. चिमणी पुढे दिवा धरून चालू लागली. चढावर ते सावकाश जात होते, मध्येच थांबत होते, खांदा बदलत होते. अखेर वर जाणाऱ्या लिफ्टचं बुटकं दार दिसू लागलं. डॉक्टरच्या टाकीत अजून जराशी हवा होती.

"डोकं सांभाळ त्याचं," चिमणी म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि दारातून आत जाताना खाली वाकला.