झाकण झाळलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. वीतभर लांब, रंग उडालेली आणि झाकण वितळलेल्या कथलाने कायमचं झाळून बंद केलेली. पोटातलं ओठावर आणायला मला ओठच नाहीत!

विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना नीट विचार करायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनीच मला पत्रेकाम करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतलं. दरवर्षी पहिल्या तासाला त्या मला टेबलावर ठेवत आणि म्हणत, "आत काय आहे ते लिहा. कशावरून, तेही लिहा." मग मुलं मला हलवत, कान लावत, वाद घालत. फार कौतुकाचे दिवस होते ते.

एका वर्षी मात्र वरच्या वर्गातल्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलं, आत गोट्या आहेत. झालं! मला कुणी हातही लावला नाही. चाळीसजणांनी 'गोट्या' लिहून टाकलं. सर्वांत आधी लिहिलं ते हुशार म्हणून मिरवणाऱ्या 'पंडित'ने.

एका गॅरेजवाल्याची मुलगी तेवढी पुढे आली. तिने मला उचलून कानाशी धरलं.

"बाई, गोट्या नाहीत वाटतं."

वर्ग फिदीफिदी हसला. "आम्ही सगळे खुळे आणि तू एकटी शहाणी?" पंडित म्हणाला.

तिचा चेहरा पडला. आता ही जागेवर जाऊन बसणार, असं मला वाटलं. पण ती हलली नाही.

"गोटी जरा कललं की घरंगळते. हे बघ." तिने मला हळूहळू कलतं केलं. आवाज नाही. आणखी कलतं केलं. तरी नाही. मग एकदम खर्रकन काहीतरी घसरलं. "हे चपटं आहे."

पंडित उठला. त्याने स्वतः मला तीनदा कलतं करून पाहिलं आणि सगळ्यांदेखत आपलं उत्तर खोडलं. मित्रांनो, पत्रा वाकवायला हातोडा लागतो. या मुलाने आपलं मत माझा नुसता आवाज ऐकून वाकवलं! मी थक्क झाले.

"आता उघडा ना, बाई!" मुलं ओरडली.

"आत काय आहे, मलाही ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "मला न दाखवता काहीतरी टाका, असं कारागिराला सांगितलं होतं. इतकी वर्षं मीही गोट्याच समजत होते. आज तुम्ही मला शिकवलंत."

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. मी कपाटावर धूळ खात पडून आहे. कधी हाती लागले, तर घाईने फोडू नका मला. धूळ पुसा, कानाशी धरा आणि हळूच कलती करा. मी खोटं बोलणार नाही.