भैयाजींचे उपास

"अवघड काही नाही," आकांक्षा मॅडम म्हणाल्या. "शेजारच्याच्या डब्यातली तुमची आवडती भाजी कोणती, एवढंच सांगायचंय."

पुढं सरसावून बसलेले भैयाजी झाडे खुर्चीत मागं सरले. त्यांच्या शेजारी रामाजी थूल बसले होते.

खरं म्हणजे सकाळपासून भैयाजी भलतेच खुशीत होते. वर्ध्यातली ही बियाण्यांची कंपनी वर्षापूर्वी पुण्याच्या एका बड्या कंपनीनं घेतली. तेव्हापासून रोज काही ना काही नवं निघायचं, आज निघालं होतं समानतेचं प्रशिक्षण. गोदामाशेजारच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि मॅडम जात, धर्म, बाई-पुरुष असं सगळं समजावून सांगत होत्या. भैयाजींनी सुरुवातीलाच उभं राहून सांगून टाकलं, "आमच्याइथं असलं काई नाई जी मॅडम. मी कुणबी, रामाजी बौद्ध. चोवीस वर्सं एका टेबलावर जेवून राह्यलो आमी. विचारा त्याइले." रामाजींनी मान डोलावली होती. टाळ्याही पडल्या होत्या.

आता त्यात खोटं ते काय होतं? भैयाजी गोदाम सांभाळत, रामाजी बियाण्यांची उगवण तपासत. रामाजींना अपघात झाला तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात आठवडाभर उशाशी कोण बसलं? भैयाजीच. रामाजींच्या अंकिताच्या लग्नात वाढपी कमी पडले, तर शर्टाच्या बाह्या वर करून पंगतीत हेच धावले. त्या धावपळीत स्वतः जेवायचं तेवढं राहून गेलं होतं. येत्या एकतीस तारखेला रामाजी निवृत्त व्हायचे होते. जाताना या माणसाच्या मनात आपल्याविषयी काही किंतु राहू नये, याहून जास्त भैयाजींना काही नको होतं.

आणि मॅडमनी नेमकं हेच विचारावं!

बिलांचं काम पाहणाऱ्या वर्षालीनं विक्रीतल्या रुपेशच्या आईच्या पातोड्यांची तारीफ केली. रुपेशनं वर्षालीच्या डब्यातल्या झुणक्याची केली. खुर्ची-खुर्चीनं पाळी जवळ येत होती आणि भैयाजी डोकं खाजवत होते. आपल्या डब्यातला पहिला वाटा ते रामाजींना देत, हे शंभर टक्के खरं. पण रामाजींचा डबा? तो पुढं सरकला की यांना हटकून चतुर्थी असायची, म्हणजे बाहेरचं चालायचं नाही. चतुर्थी नसली तर सोमवार, सोमवार नसला तर दाढ. दाढही धड असली तर पित्त. पंचांगात नाहीत एवढे उपास या बहाद्दरानं त्या एका टेबलावर केले होते, आणि तेही समोर स्वतःची वांग्याची भाजी ठेवून.

आई होती तोवर आईला चालत नसे, म्हणून. पण आईला जाऊन सोळा वर्षं झाली होती. मग इतकी वर्षं चालत नव्हतं ते कोणाला? या प्रश्नाशी भैयाजी आज पहिल्यांदाच येऊन थांबले, आणि त्यांचे कान तापले.

"सांगा ना काका," मॅडम म्हणाल्या.

भैयाजी उभे राहिले. वर्षाली पाहत होती, रुपेश पाहत होता. एखादी भाजी ठोकून द्यावी तर रामाजी शेजारीच होते.

"लाजून राह्यले ते," रामाजीच बोलले. "आंबाडीची भाजी आवडते त्याइले. वरून लसणाचं तेल पायजे. डबा पुसून खाते माणूस. घरून दोघाइची आणा लागे मले."

सगळे हसले, पुन्हा टाळ्या पडल्या. भैयाजींनाही हसावं लागलं. त्यापेक्षा रामाजींनी चारचौघांत मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुपारी दोघं नेहमीच्या टेबलावर बसले. भैयाजींनी आपला डबा उघडलाच नाही.

"काऊन खोटं बोलले तुमी?" त्यांनी हळूच विचारलं.

"काई नवं नाई भैयाजी," रामाजी झाकण काढत म्हणाले. "लय वर्साची सवय हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको आनंदाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. दवाखान्यातले ते आठ दिवस ती बाई विसरली नव्हती. घरी आंबाडी शिजली की भैयाजींसाठी जास्तीची भरायची. इथं भैयाजींचा उपास निघायचा. मग रामाजी दोघांची खायचे, नाही संपली तर गोदामातल्या हमालांना द्यायचे.

"घरी गेलो का ते पह्यले विचारे, भैयाजीनं खाल्ली काय? मी म्हणो, बोटं चाटली." रामाजींनी झाकण बाजूला ठेवलं. "दुसरं काय सांगू तिले? मरेपावतर तिले तेच वाटे."

भैयाजींना रडू आलं. पंचावन्न वर्षांचा बाप्या माणूस, रुमालात नाक शिंकरत बसला. माफी मागावी तर जिची मागायची ती नव्हती, आणि जो समोर होता त्यानं तर आत्ताच, भर हॉलमध्ये, त्यांची लाज राखली होती. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"आज मले द्या."

"खानावळीचा हाय जी हा."

"असू द्या."

रामाजींनी पोळी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, वर चमचाभर भाजी घातली. कोबीची होती, पाणचट. भैयाजींनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. गिळवत नव्हता, पण त्यांनी तो गिळला. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "मीठ कमी हाय."

"तिच्या हातचं बराबर राहे," रामाजी म्हणाले, आणि त्यांनी मिठाची पुडी भैयाजींकडे सरकवली.